कोणता अल्गोरिदम घ्यायचा? केळीच्या हरण्या रोगावरून निवडीचं गणित

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न हमखास विचारतो: "रँडम फॉरेस्टच का घेतला?" (आकड्यांवरून वस्तूचा वर्ग ओळखणारा हा एक अल्गोरिदम.) उत्तर ठरलेलं असतं. "सर, त्याची अ‍ॅक्युरसी जास्त आली." अ‍ॅक्युरसी म्हणजे शंभरातली किती उत्तरं बरोबर. किती जास्त? अर्धा टक्का. कशावर मोजली? तिथे खिडकीबाहेर बघणं सुरू होतं.

या उत्तरात काय खोट आहे ते वर्गात समजत नाही, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत लगेच समजतं. म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडावरची लागवड) लागली, पाऊस सुरू झाला, ढगाळ हवा टिकली, की कोवळ्या झाडांवर हरण्या दिसायला लागतो. तो घडवणारा विषाणू कुकुंबर मोझॅक व्हायरस, कागदोपत्री सीएमव्ही. नव्या पानांवर पिवळसर पट्टे, पुढे पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) सडतो. मावा हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. लागण झालेल्या झाडाला औषध नाही; ते उपटून बागेबाहेर नष्ट करायचं, एवढंच हातात असतं. आता समजा, पोंग्याजवळच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढायचा, त्यातून रंगाचे आणि पोताचे आकडे काढायचे आणि झाड रोगी की निरोगी ते अल्गोरिदमनं सांगायचं. बागेत शंभरातली पाच झाडं रोगी असतील, तर डोळे मिटून "सगळी निरोगी" म्हणणाऱ्या मॉडेलची अ‍ॅक्युरसी ९५ टक्के येते. आणि बाग जाते.

सगळ्या कामांना पुरून उरेल असा एकच अल्गोरिदम नसतो, हे डेव्हिड वोल्पर्ट यांनी १९९६ मध्ये गणितानं दाखवलं. म्हणजे निवड करावीच लागते, आणि ती एकापेक्षा जास्त निकषांवर. त्यासाठीच्या पद्धती व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात जुन्या आहेत: एएचपी, टॉप्सिस, व्हिकोर, प्रोमेथी वगैरे. सूत्रं सोपी आहेत, एक्सेलच्या एका पानावर मावतात. पण ही सूत्रं मुकाट्यानं चुकीचं उत्तर देऊ शकतात आणि ते उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत देखणं दिसतं. त्यामुळे खालच्या पायऱ्यांत एक चूक मी मुद्दाम करून दाखवणार आहे.

पहिली पायरी: निर्णय नेमका कशाचा, ते लिहून काढा

"सर्वोत्तम क्लासिफायर निवडणे" हा निर्णय नाही. "रेंज नसलेल्या शेतात, साध्या अँड्रॉइड फोनवर, उपटण्याआधी माणसानं जवळून तपासावीत अशी झाडं दाखवणारं मॉडेल निवडणे" हा निर्णय आहे. हे एक वाक्य लिहिलं की निम्मे निकष आपोआप समोर येतात. रोगी झाड सुटणं, निरोगी झाडावर खोटी बोंब होणं, फोनवर लागणारा वेळ, आणि शेतकऱ्यानं "हेच झाड का?" विचारलं तर काही सांगता येणं.

निकष ठरवताना एकच गोष्ट चार नावांनी घेऊ नका. अ‍ॅक्युरसी, एफ-वन, एयूसी, रिकॉल, प्रिसिजन असे मॉडेलची कामगिरी मोजणारे पाच रकाने केले की दिसतात पाच, पण बरेचसे त्याच त्या गोष्टी पुन्हा मोजतात, आणि त्यांचं वजन गुपचूप वाढतं. एफ-वन तर रिकॉल आणि प्रिसिजनवरूनच काढतात. मी रिकॉल (खऱ्या रोगी झाडांपैकी किती पकडली) आणि प्रिसिजन (खूण केलेल्या झाडांपैकी खरोखर रोगी किती) ठेवतो, बाकीचे सोडतो.

दुसरी पायरी: चाचणी प्रामाणिक करा

इथे घाई केली तर पुढचं सगळं गणित फुकट. तीन गोष्टी बघा.

पहिली, एकाच बागेतले फोटो शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या अशा दोन्ही ढिगांत पडू देऊ नका. एकाच झाडाचे चार फोटो दोन्हीकडे विखुरले तर मॉडेल रोग ओळखत नाही, झाड ओळखतं. वाटणी फोटोवार न करता बागवार करा: चार बागांवर शिकवा, पाचवीवर तपासा, मग बाग बदला. आकडे घसरतील. घसरू द्या.

दुसरी, सगळ्या अल्गोरिदमना सारखी संधी द्या. एसव्हीएम आणि के-निअरेस्ट नेबर यांना आकडे एका मापात आणून द्यावे लागतात, डिसिजन ट्रीला त्याची गरज नसते. ते न करता एसव्हीएमला नापास करणं म्हणजे एकाला चप्पल देऊन दुसऱ्याला अनवाणी पळवणं.

तिसरी, रोगी-निरोगी प्रमाण. प्रयोगासाठी आपण १०० रोगी आणि १०० निरोगी फोटो घेतो. समजा, मॉडेलनं ८८ रोगी पकडले आणि १६ निरोगी झाडांवर चुकून खूण केली. प्रिसिजन आली ८५ टक्के. आता हेच मॉडेल १००० झाडांच्या बागेत न्या, जिथे ५० रोगी आहेत. ४४ पकडली जातील. पण ९५० निरोगी झाडांपैकी त्याच दरानं १५२ वर खूण होईल. एकूण १९६ खुणा, खऱ्या ४४. प्रिसिजन २२ टक्के. मॉडेल तेच, फक्त बाग खरी. म्हणून प्रिसिजन नेहमी बागेतल्या प्रमाणात मोजा. खालच्या तक्त्यातले आकडे तसे मोजले आहेत असं धरून चला. ते हातानं पडताळता यावेत म्हणून मी मांडलेले गोल आकडे आहेत, कुठल्याही बागेचा अहवाल नव्हे.

| अल्गोरिदम | रिकॉल | प्रिसिजन | वेळ (मिलिसेकंद) | समजावण्याची सोय (५ पैकी) |
|---|---|---|---|---|
| लॉजिस्टिक रिग्रेशन | ०.८० | ०.७८ | ४ | ४ |
| डिसिजन ट्री | ०.७६ | ०.७२ | २ | ५ |
| रँडम फॉरेस्ट | ०.८८ | ०.८५ | ६० | २ |
| एसव्हीएम | ०.९० | ०.८० | ३० | १ |

शेवटचा रकाना मताचा आहे. तो एकट्यानं भरू नका. तिघांकडून वेगवेगळा भरून घ्या आणि मधला आकडा ठेवा. तक्त्यात येण्याआधी चाळणीही लावा: रिकॉल ०.७५ च्या खाली गेलेला पर्याय बाद, आणि दुसऱ्या कुणापेक्षा एकाही निकषावर सरस नसलेला पर्यायही बाद. नाइव्ह बेज हा आणखी एक अल्गोरिदम बऱ्याचदा इथेच थांबतो.

तिसरी पायरी: वजनं ठरवा, पण लॅबमध्ये बसून नव्हे

एएचपी ही थॉमस साटी यांची, १९७० च्या दशकातली पद्धत. दोन-दोन निकष समोर ठेवायचे आणि विचारायचं: यातला कोणता, किती पट महत्त्वाचा? १ म्हणजे दोन्ही सारखे, ९ म्हणजे टोकाचा फरक. अडचण अशी, की "रिकॉल प्रिसिजनपेक्षा किती पट महत्त्वाचा" हा प्रश्न शेतकऱ्याला विचारता येत नाही, आणि विद्यार्थ्याला विचारला तर तो अंदाजे ठोकतो.

मी ओळखीतल्या एका बागायतदार नानांना वेगळ्या शब्दांत विचारलं होतं. "नाना, एक रोगी झाड नजरेतून सुटू नये म्हणून किती चांगली झाडं उगाच उपटलेली चालतील?" त्यांनी जरा वेळ घेतला. "एक राह्यलं तं मावा आख्ख्या बागात फिरवतो, भाऊ. तीन चालतील. चौथ्याले मी तुमचा फोन फेकून देईन."

तीन. मिळालं उत्तर. काटेकोरपणे बघितलं तर झाडांची ही अदलाबदल आणि एएचपीतलं "महत्त्व" एकच नाही, कारण रिकॉलचा छेद रोगी झाडांचा आणि प्रिसिजनचा छेद खूण केलेल्या झाडांचा. पण सुरुवात करायला लॅबमधल्या अंदाजापेक्षा हा आकडा कितीतरी बरा.

बाकीच्या तुलना अशा धरल्या: रिकॉल वेळेपेक्षा ५ पट, समजावण्याच्या सोयीपेक्षा ३ पट, प्रिसिजन आणि समजावणं सारखेच, दोन्ही वेळेपेक्षा ३ पट. प्रत्येक ओळीतल्या चार आकड्यांचा गुणाकार करून त्याचं चौथं मूळ काढायचं. रिकॉलच्या ओळीत १ × ३ × ५ × ३ = ४५, चौथं मूळ २.५९. प्रिसिजन आणि समजावणं प्रत्येकी १, वेळ ०.३९. बेरजेनं भागलं की वजनं: रिकॉल ०.५२, प्रिसिजन ०.२०, समजावणं ०.२०, वेळ ०.०८.

उत्तरं एकमेकांशी जुळतात का, हे सुसंगती गुणोत्तर सांगतं. इथे ते ०.०२ च्या आत येतं, ०.१० पर्यंत चालतं. त्याच्या वर गेलं तर आकड्यांशी खेळू नका, माणसाला परत जाऊन विचारा.

चौथी पायरी: टॉप्सिस लावा आणि थबका

टॉप्सिस चिंग-लाई ह्वांग आणि क्वांगसुन यून यांनी १९८१ मध्ये मांडली. कल्पना साधी. प्रत्येक निकषावरचं उत्तम घेऊन एक काल्पनिक आदर्श पर्याय उभा करायचा, प्रत्येकावरचं वाईट घेऊन एक नकोसा पर्याय. जो आदर्शाच्या जवळ आणि नकोशापासून लांब, तो वर.

प्रत्येक रकान्यातल्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज करा, तिच्या वर्गमूळानं रकाना भागा, वजनानं गुणा. रिकॉलच्या रकान्याचं वर्गमूळ १.६७४ येतं. एसव्हीएमचे ०.९० भागिले १.६७४, गुणिले ०.५२ म्हणजे ०.२८०. डिसिजन ट्रीचे ०.२३६. असंच सगळं करून अंतरं काढली की शेवटचे गुण:

डिसिजन ट्री ०.७५, लॉजिस्टिक ०.७२, एसव्हीएम ०.३२, रँडम फॉरेस्ट ०.३१.

पहिल्यांदा असा निकाल बघितला तेव्हा मला सूत्रात चूक वाटली. सेल न् सेल तपासला. सूत्र बरोबर होतं. रिकॉलला ५२ टक्के वजन, आणि रिकॉलमध्ये शेवटचा, वर प्रिसिजनमध्येही शेवटचा असलेला अल्गोरिदम पहिला!

कारण वरच्याच आकड्यांत आहे. वजन लावूनही रिकॉलमधला सर्वात चांगल्या आणि सर्वात वाईट पर्यायातला फरक ०.०४४. वेळेचं वजन फक्त ०.०८, पण २ ते ६० एवढी ओढाताण असल्यानं तिथला फरक ०.०६९. समजावण्याच्या रकान्यात ०.११८. म्हणजे आपण कागदावर लिहिलेलं वजन वेगळं आणि गणितात काम करणारं वजन वेगळं. रिकॉल ०.७६ आणि ०.९० हे दोन्ही आकडे भागाकारानंतर सारखेच दिसायला लागतात. ६० मिलिसेकंद मात्र २ च्या तीस पट असल्यानं डोंगर होऊन बसतात. आणि खरं बघा: पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. नानांच्या लेखी २ आणि ६० मध्ये काहीच फरक नाही.

काही जण यावर उपाय म्हणून एन्ट्रॉपीनं वजनं काढतात. "माणसाचं मत नको, आकड्यांनाच ठरवू द्या." ही पद्धत जास्त पसरलेल्या रकान्याला जास्त वजन देते. आपल्या तक्त्यावर लावून बघितली: वेळेला ७७ टक्के, समजावण्याला २२, आणि रिकॉलच्या वाट्याला अर्धा टक्काही नाही. हिला वस्तुनिष्ठ म्हणायचा प्रघात आहे. मी म्हणत नाही.

पाचवी पायरी: रकाने नुकसानीच्या मापात मांडा

दोन दुरुस्त्या. वेळ हा निकष नाहीच, ती अट आहे: एका सेकंदाच्या आत उत्तर आलं की पास. चारही पास, रकाना गेला. दुसरी, "किती पकडली" ऐवजी "किती सुटली" लिहा. रिकॉल ०.९० म्हणजे शंभर रोगी झाडांतली १० सुटली, ०.७६ म्हणजे २४. माहिती तीच, पण आता फरक जवळपास अडीच पट दिसतो, आणि बागेतही तो तसाच आहे. प्रिसिजनचंही तसंच करा: शंभर खुणांमागे किती खोट्या.

| अल्गोरिदम | सुटलेली | खोट्या खुणा | समजावण्याची सोय |
|---|---|---|---|
| लॉजिस्टिक रिग्रेशन | २० | २२ | ४ |
| डिसिजन ट्री | २४ | २८ | ५ |
| रँडम फॉरेस्ट | १२ | १५ | २ |
| एसव्हीएम | १० | २० | १ |

तीनच निकष उरले, तुलना ३:१:१, वजनं ०.६०, ०.२०, ०.२०. पहिल्या दोन रकान्यांत कमी म्हणजे चांगलं, हे आदर्श पर्याय धरताना विसरू नका; विद्यार्थ्यांच्या फायलींत सर्वात जास्त चुका इथेच सापडतात. पुन्हा टॉप्सिस:

रँडम फॉरेस्ट ०.७०, एसव्हीएम ०.६७, लॉजिस्टिक ०.३९, डिसिजन ट्री ०.३२.

निकाल पूर्ण उलटा. मॉडेलं तीच, चाचणी तीच, नानांचा "तीन" तोच.

यावर हुशार वाचक म्हणेल, मग हवा तो निकाल काढता येतो की. येतो. म्हणूनच माप आधी ठरवायचं आणि ते नुकसान सोसणाऱ्याच्या भाषेत ठरवायचं. बागेतला माणूस झाडं मोजतो, दशांश नाही. निकाल बघून माप बदललं तर ती फसवणूक होईल. मी वर ते बदललं ते चूक दाखवण्यासाठी; तुम्ही ही पायरी तिसरीच्या आधी करा.

सहावी पायरी: वजनं हलवून बघा

०.७० आणि ०.६७ यांत फार अंतर नाही. सुटलेल्या झाडांचं वजन बदलत जा आणि उरलेलं दोन निकषांत सारखं वाटा. माझ्या पानावर असं आलं:

तिन्हींना सारखं वजन दिलं तर लॉजिस्टिक पहिला (०.५७), आणि गंमत म्हणजे डिसिजन ट्री दुसरा. ०.४० ला रँडम फॉरेस्ट पुढे येतो (०.५६), लॉजिस्टिक त्याच्या मागे (०.५३). ०.६० ला तो ठाम. ०.७० ला रँडम फॉरेस्ट आणि एसव्हीएम दोघेही ०.७६ वर, बरोबरी. ०.८० ला एसव्हीएम पुढे: ०.८४ विरुद्ध ०.८१.

म्हणजे "रँडम फॉरेस्ट सर्वोत्तम" असं अहवालात लिहायचं नाही. लिहायचं असं: सुटलेल्या झाडाला ०.४० ते ०.७० वजन असेल तर रँडम फॉरेस्ट. त्याहून जास्त असेल तर एसव्हीएम. आणि तिन्ही गोष्टी सारख्याच वाटत असतील तर लॉजिस्टिक. नानांच्या शेजारच्या बागेत पोंगे आधीच सडायला लागले असतील तर त्यांचं "तीन" उद्या "सहा" होईल. मग पान उघडून फक्त एक आकडा बदलायचा.

वजनांसारखेच तक्त्यातले आकडेही हलतात. १० आणि १२ सुटलेल्या झाडांमधला फरक शंभरात दोन झाडांचा आहे; तपासणीच्या ढिगात रोगी झाडं थोडी असतील तर तो निव्वळ योगायोग असू शकतो. बागा चिठ्ठ्यांसारख्या पुन्हा पुन्हा काढून, प्रत्येक वेळी नवा तक्ता करून हजार वेळा टॉप्सिस चालवा आणि कोण किती वेळा पहिला आला ते मोजा. हजारात साडेपाचशे वेळा पहिला येणाऱ्याला विजेता म्हणू नका. तिथे मग दुसरा निकष लावा: फाईल छोटी कोणाची, नवे फोटो आल्यावर पुन्हा शिकवणं कोणाचं सोपं.

सातवी पायरी: एखादा पर्याय काढून बघा

टॉप्सिस काय नि एएचपी काय, दोन्हींत एक जुनं दुखणं आहे. यादीत एखादा टाकाऊ पर्याय घातला किंवा काढला तर वरच्यांचा क्रम बदलू शकतो. टॉप्सिसमध्ये तर आदर्श आणि नकोसा हे दोन्ही पर्याय यादीवरूनच ठरतात. आपल्या तक्त्यातून डिसिजन ट्री काढून बघितला: रँडम फॉरेस्ट ०.६७, एसव्हीएम ०.६४, लॉजिस्टिक ०.३५. क्रम तोच राहिला, बरं झालं. बदलला असता तर "नकोसा" पर्याय यादीवरून न घेता बाहेरून ठरवावा लागला असता. उदाहरणार्थ, शंभरात २५ सुटलेली झाडं म्हणजे सहन होण्याची शेवटची हद्द.

व्हिकोर किंवा प्रोमेथीनं पडताळणी करायची तर करा. व्हिकोर सर्वात जास्त दुखणाऱ्या निकषाकडे वेगळं लक्ष देते, म्हणून अशा कामात उपयोगी पडते. पण चार पद्धती लावून त्यांच्या क्रमांकांची सरासरी काढणं मला पटत नाही. चारही पद्धतींना चुकीच्या मापातला तक्ता दिला तर चारही जणी एकसुरात चुकू शकतात.

शेवटी फायलीत हे ठेवा: निर्णयाचं वाक्य, बागवार वाटणी कशी केली, "तीन" कोणी आणि कोणत्या प्रश्नाला सांगितलं, आणि वजनं हलवलेला तक्ता. कांदेबागेची (पावसाळ्याच्या शेवटाकडची) लागवड झाली की नवे फोटो घेऊन दुसऱ्या पायरीपासून पुन्हा चालवा, कारण मृगबागेतल्या पावसाळी उजेडात शिकलेलं मॉडेल ऑक्टोबरच्या उन्हात तसंच चालेल असं धरता येत नाही. आणि "तीन" पुन्हा विचारून घ्या.